भाऊंची बीअर आणि माझं नाक

बीअर मी आजतागायत प्यायलेले नाही. पण ती कशी बिघडते हे कुणी विचारलं तर तासभर बोलू शकेन. ओल्या कणकेचा वास आला तर अजून वेळ आहे, आंबट ताकाचा आला तर भांडं नीट धुतलेलं नव्हतं, आणि नेलपॉलिशचा आला तर खोली तापली होती. हे ज्ञान मला ओमानमधल्या सोहारमध्ये मिळालं, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या एका गृहस्थांकडून. सगळी बिल्डिंग त्यांना भाऊ म्हणायची. ते मला वहिनी म्हणायचे, खरं तर मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान.

भाऊ माझ्या नवऱ्याच्याच प्लँटमध्ये होते, इन्स्ट्रुमेंटेशनला. म्हणजे कारखान्यात जिथं जिथं काटा हलतो किंवा आकडा उमटतो, तिथं तो खरं बोलतो की नाही हे बघायचं काम. हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की माणसांकडूनही ते तीच अपेक्षा करायचे. एसीवाल्यानं "उद्या येतो, इन्शाल्ला" म्हटलं की भाऊ शांतपणे विचारायचे, "इन्शाल्ला ठीक आहे. पण तू येणार आहेस का?" आमच्याकडे जेवायला आले की "आमटी छान झालीय" असं कधी म्हणायचे नाहीत. "आज चिंच जास्त आहे, पण मला जास्त आवडते," म्हणायचे. पहिल्यांदा मला राग आला. नंतर कळलं की त्यांनी एखादी गोष्ट चांगली म्हटली तर ती खरोखर चांगली असते. परदेशात अशी माणसं जपावीत.

स्वतः ते कधी खोटं बोलत नसत. त्यातून वरिष्ठांशी खटके उडायचे, बढती अडली होती, असं नवरा सांगायचा. भाऊंना त्याचं काही वाटत नसावं. कुडाळजवळच्या गावी त्यांची बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. मुलगा नव्हता, मुलगी लग्न होऊन बंगळूरला. रोज संध्याकाळी ते बायकोला फोन करायचे आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची मालवणी स्पष्ट ऐकू यायची, कारण दोन्ही घरांच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडत होत्या.

त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. सोहारच्या मासळी बाजारात भाऊ आले की विकणारे ओमानी हसून एकमेकांना खुणा करायचे. ते सुरमईच्या कल्ल्याजवळ नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि "कालचा" किंवा "आजचा" एवढंच म्हणायचे. एक म्हातारा कोळी मुद्दाम कालचा मासा पुढे करून त्यांची परीक्षा घ्यायचा आणि ते जिंकले की खूश व्हायचा.

मग तो मोठ्या तापाचा काळ आला, जगभर आला तसा. भाऊही पडले, बरे झाले, कामावर गेले. नंतर कितीतरी महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी ते बांगड्याच्या तिखल्याचं पातेलं घेऊन खाली आले. "जास्त झालं, म्हटलं तुम्हांला द्यावं." मी झाकण उघडलं आणि मागे सरकले. मासे कुजलेले होते. इतके, की शेजारच्या मांजरानंही तोंड फिरवलं असतं.

"भाऊ, तुम्ही हे खाल्लंत?"

"अर्धं. का?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. मग सावकाश म्हणाले, "वहिनी, मला वास येत नाही. तापानंतर गेला तो गेलाच."

"घरी सांगितलंत?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. ती रोज विचारते, काय जेवलात, कसं झालंय. मी सांगतो, बरं झालंय. तिला कुळीथ आणि तिरफळं पाठवायला आवडतं. चवच कळत नाही म्हटलं तर ती काय पाठवणार?"

डॉक्टरांनी त्यांना चार उग्र वस्तू रोज हुंगायला सांगितल्या होत्या. भाऊंनी लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाबपाणी अशा चार बरण्या केल्या होत्या आणि ते इमानेइतबारे हुंगायचे. काही फरक नव्हता. तक्रार मात्र त्यांची वेगळीच होती. "लवंग कालही लवंगच होती, आजही लवंगच. तिच्यात काही घडत नाही. नाकाला कामच नाही. ज्याचा वास रोज बदलतो असं काहीतरी पाहिजे."

त्या दिवशी मी त्यांना पातळ खिचडी करून दिली. त्यांच्या पोटाला काही झालं नाही, हे आश्चर्यच.

त्यानंतर त्यांनी बीअर करायला घेतली.

आता, भाऊंकडे दारूचा परवाना होता. महिन्याला चार कॅन ते रीतसर दुकानातून आणायचे आणि गुरुवारी संध्याकाळी एक प्यायचे. म्हणजे पिण्यासाठी करायची गरज नव्हती. माझ्या नवऱ्यानं त्यांना समजावलं. "भाऊ, विकत घेणं वेगळं. घरी करणं इथल्या कायद्यात बसत नाही. उद्या कुणी बोललं तर नोकरी जाईल, देश सोडावा लागेल."

"माहीत आहे," भाऊ म्हणाले. "मी विकणार नाही, लपवणारही नाही. कुणी विचारलं तर सांगीन."

"कुणी विचारेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"तेव्हाचं तेव्हा."

नवऱ्यानं हात टेकले. मला त्यांचा हट्ट कळत नव्हता, पण कुजलेल्या माशाचं ते पातेलं मी पाहिलं होतं, त्यामुळे मी गप्प राहिले.

यूट्यूबवर नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ बघून त्यांनी कृती समजून घेतली. परदेशातल्या त्या दाढीवाल्या मुलांना सगळं सामान पिशवीत तयार मिळायचं. इथं काहीच मिळत नव्हतं. जव हवे होते, म्हणून भाऊ मला आणि नवऱ्याला सोबत घेऊन गाडीनं तासाभरावरच्या खाबुऱ्याला गेले. तिथं बाजारामागे जनावरांच्या खाद्याची दुकानं आहेत. दुकानदारानं जवाचं पोतं पुढे ओढलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "बकरी कितना है?"

"बकरी नाही," भाऊ म्हणाले.

"गाय?"

"गाय पण नाही."

"फिर?"

नवरा उगाच पलीकडच्या फावड्यांकडे बघायला लागला. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मला याला मोड आणायचे आहेत." दुकानदाराला मोड म्हणजे काय ते कळलं नाही. त्यानं खांदे उडवले आणि पोतं डिकीत टाकलं. परत येताना गाडीत नवरा एकदम हसत सुटला.

दोन दिवसांनी भाऊंनी मला वर बोलावलं. बाथरूममध्ये बादलीत जव भिजत होते, आणि त्यांना व्हिडिओतल्या पुढच्या पायरीची काळजी लागली होती. मोड कितपत येऊ द्यायचे, कधी थांबवायचे? मी बादलीकडे पाहिलं आणि मला हसू आलं. "अहो भाऊ, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच आहे. भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड आले की वाळवायचं, भाजायचं, भरडायचं. माझी मुलगी यावरच वाढली."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे बीअर म्हणजे बाळाचं खाणं?"

"निम्म्यापर्यंत तरी."

तेव्हापासून मी त्यात सामील झाले. मोड आणायचे माझ्या फडक्यात, वाळवायचे गच्चीवर. सोहारच्या उन्हात दाणे एका दुपारीत खडखडीत वाळायचे. मग मिक्सरवर भरड, ती गरम पाण्यात मुरवायची, गाळायची, गाळलेलं गोड पाणी मोठ्या पातेल्यात उकळायचं, थंड करायचं, त्यात यीस्ट टाकायचं आणि मोठ्या बाटलीत भरून अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. बुचाला नळी असायची आणि नळीचं टोक पाण्याच्या वाटीत. त्यातून बुडबुडे यायला लागले की भाऊ खुर्ची टाकून समोर बसायचे. "श्वास घेतेय बघा."

बीअर कडू होते ती एका वेलीच्या फुलांनी, आणि ती फुलं इथं मिळेनात. तेव्हा भाऊंनी बायकोनं तापासाठी पाठवलेल्या काडेचिराइताची पुडी काढली. जीभ शाबूत होती, त्यामुळे कडू, गोड, आंबट त्यांना कळायचं. कडू कळतंय याचाच त्यांना इतका आनंद झाला की सबंध पुडी त्यांनी पातेल्यात टाकली. ती बीअर तयार झाल्यावर माझ्या नवऱ्यानं एक घोट घेतला. बराच वेळ त्याचं तोंड वाकडं होतं. "भाऊ, तुमच्याकडे मलेरियाचा कुणी पेशंट आहे का?" भाऊ मात्र सावकाश सगळा ग्लास प्यायले.

पण त्यांचा खरा रस चाखण्यात नव्हता. रोज संध्याकाळी मी वर जाऊन बाटलीचं बूच काढायचं आणि वास सांगायचा, हे माझं काम होतं. आधी मी म्हणायचे, "बरा येतोय," किंवा "घाण आहे." भाऊ हात वर करायचे. "चांगला-वाईट मला नको. कशासारखा ते सांगा."

हे सोपं नसतं. वासाला नावं नसतात हे मला तेव्हा कळलं. रंगाला असतात, चवीला असतात, वास मात्र नेहमी दुसऱ्या कशाचा तरी असतो. मी डोळे मिटून शोधायचे. "इडलीचं पीठ फुगून वर आलंय तसा." "पिकलेलं केळं दप्तरात चेंगरलंय तसा." "वाण्याच्या दुकानात मागच्या बाजूला, जिथं रिकामी पोती ठेवतात तिथला." भाऊ ते माझ्यामागून हळूच म्हणायचे, "रिकामी पोती," आणि स्वतः बाटलीवर वाकून श्वास घ्यायचे. मग मान हलवायचे. काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मला हाक मारायचेच. मी मात्र बदलत गेले. भाजी घेताना, मुलीच्या केसांना तेल लावताना, समुद्रावर फिरताना मनात आपोआप शब्द यायला लागले. एवढी वर्षं मला नाक होतं हे जणू मला ठाऊकच नव्हतं.

एका बुधवारी दुपारी, भाऊ रजेवर होते, नवरा कामावर, मुलगी मैत्रिणीकडे, मी भात लावत होते. डक्टमधून वास आला. आधी वाटलं, आपलाच सिलिंडर. बंद केला, शेगडीला नाक लावलं. आपला नव्हता. वरून येत होता.

मी चप्पलही न घालता जिना चढले. भाऊ दाराला कडी लावत नसत. आत एसी चालू, डक्टकडची खिडकी बोटभर उघडी, बाकीच्या बंद, आणि गॅसचा वास इतका दाट की डोळ्यांत गेला. शेगडीवर मोठं पातेलं होतं. जवाचं पाणी उतू जाऊन सगळीकडे फेस पसरला होता, त्यानंच खालची ज्योत विझली होती आणि बटण पूर्ण उघडं होतं. भाऊ पातेल्यात लांब थर्मामीटर धरून उभे होते आणि कपाळाला आठ्या घालून आकडा बघत होते.

"वहिनी, बरं झालं आलात. तापमान उतरतंय. का उतरतंय कळत नाही." एवढं बोलून ते खाली वाकले, ज्योत दिसली नाही तसा त्यांनी ओट्यावरचा लायटर उचलला.

मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नसेन. काय ओरडले तेही आठवत नाही. बहुतेक नुसतं "भाऊ!" त्यांचा हात तिथंच थांबला. मी त्यांच्या हातातून लायटर ओढून घेतला, बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून गच्चीवर नेलं. तिथं मला रडू कोसळलं. भाऊ माझ्या शेजारी उभे होते, हातात अजून थर्मामीटर.

"गॅस?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"खूप?"

"खूप."

ते कठड्याला टेकले. प्लँटमध्ये सगळीकडे गॅस ओळखणारे डिटेक्टर बसवणारा हा माणूस. ते एवढंच म्हणाले, "माका काय्येक कळला नाय."

माझं ओरडणं ऐकून तळमजल्यावरून घरमालक वर आले. त्यांना सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचे. निवृत्त माणूस, उंच, अंगात पायघोळ पांढरा दिशदाशा, सिनेमे बघून शिकलेली बऱ्यापैकी हिंदी. ते आधी घरात गेले, सगळीकडे फिरले, मग गच्चीवर आले. अंधाऱ्या खोलीतल्या बाटल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

"मुहंदिस," त्यांनी भाऊंना विचारलं. इंजिनिअरला तिकडे तसंच म्हणतात. "वो बोतल में क्या है?"

मी भाऊंकडे पाहिलं. व्हिनेगर म्हणा, मनात म्हटलं. सरबत म्हणा. ज्यूस म्हणा.

"बीअर," भाऊ म्हणाले. "मैं बनाता हूँ."

अर्बाब समुद्राच्या दिशेनं वळले. एका फोनचं काम होतं. भाऊंचा व्हिसा, नोकरी, सगळं त्या फोनच्या पलीकडे होतं, आणि आमच्याही अंगाला थोडी धग लागलीच असती.

"तुम को गॅस का स्मेल नहीं आया?"

"मुझे कोई स्मेल नहीं आता. बुखार के बाद से."

अर्बाबनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "घर में कौन जानता है?"

"ये भाभी और इनके पती."

"बीबी?"

भाऊंनी उत्तर दिलं नाही. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

अर्बाब म्हणाले, "सुनो. बीअर तुम्हारा गुनाह है, वो तुम जानो, अल्ला जाने. लेकिन घर मेरा है. नीचे मेरा बच्चा लोग सोता है. बोतल आज खलास. और तुम अकेला इस घर में नहीं रहेगा. बीबी को बुलाओ, नहीं तो घर खाली करो. फोन अभी. मेरे सामने."

"अभी वो स्कूल में होगी."

"फोन करो."

भाऊंनी फोन लावला. पलीकडून आधी शाळेचा कलकलाट, मग त्यांच्या बायकोचा आवाज. दुपारी फोन म्हणजे ती घाबरलीच. भाऊ म्हणाले, "काय झाला नाय. मी बरो आसंय. एक सांगूचा होता." आणि मग उन्हात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ताप, मासे, जव, गॅस. काही वगळलं नाही. फोन स्पीकरवर नव्हता, पण एवढ्या शांततेत पलीकडचं ऐकू येत होतं.

"म्हणजे तिरफळा घातलेली बांगड्याची कढी बरी झाली म्हणून तुमी माका रोज सांगत होतात, ता सगळा खोटा?"

"होय."

"माझ्यावांगडा खोटा बोललात? तुमी?"

"होय," भाऊ पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मला पाहवला नाही, म्हणून मी आत फेस पुसायला गेले.

बाटल्या त्याच संध्याकाळी बाथरूममध्ये ओतल्या. भाऊ ओतत होते, मी सवयीनं वास सांगत होते. शेवटची बाटली त्यांनी नवीन पद्धतीनं केली होती, चिराईत चिमूटभर, खोली थंड ठेवून. ती उघडल्यावर मला नवलच वाटलं. ताज्या भाजलेल्या पोळीचा पदर उलगडल्यावर वाफ येते, तसा वास होता, त्यात थोडा मध. मी तसं सांगितलं. भाऊ थांबले.

"म्हणजे जमली होती."

"जमली होती भाऊ."

"बरं," म्हणाले आणि तीही ओतली.

भाऊंच्या मुख्याध्यापिका बाई आल्या त्या बिनपगारी रजा टाकून. बारीक, चष्मा, आवाज असा की शाळेचं मैदान गप्प व्हावं. पहिले काही दिवस त्या भाऊंशी कामापुरतंच बोलत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांचा जीव वाचवलात, ते मी विसरणार नाही. पण वर्षभर तुम्हांला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, तेही विसरणार नाही." खरं होतं. पुढं आम्ही बाजारात बरोबर जायला लागलो, पण तो काटा त्यांनी कधी पूर्ण काढला नाही, आणि मलाही ते योग्यच वाटलं.

अर्बाबनी वरच्या स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवून घेतला. भाऊंनी तो दोनदा तपासला आणि मालकाला सांगितलं की हा जरा उशिरा बोलतो, दुसरा आणा. अर्बाबनी दुसरा आणला.

रजा संपली, त्यांनी वाढवली, मग राजीनामाच दिला. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्याबद्दल त्या बोलत नसत. डक्टमधून मला आता दोघांचे आवाज यायचे. बाई स्वयंपाक करताना सतत बोलत असत, वर्गात शिकवल्यासारख्या. "आता तेल तापला. मोहरी टाकलंय. तडतडली. कडीपत्तो गेलो. आता खोबरा भाजतंय, तांबूस होयत इला." भाऊंनी त्यांना तसं करायला सांगितलं होतं असं मला वाटत नाही. भाऊंचा आवाज क्वचित यायचा. एखादं "हं."

असे किती महिने गेले, कोण जाणे. थंडी सुरू झाली होती, खिडक्या उघड्या ठेवता येत होत्या. मी भांडी विसळत होते. वर फोडणीचा चर्र आवाज झाला आणि बाईंनी सुरुवात केली, "आता तेलात..."

"थांब गो," भाऊ म्हणाले. "सांगू नको."

मी नळ बंद केला. वर काही हालचाल नव्हती. फोडणी जळत असणार, पण बाईंनी पातेलं उतरवल्याचा आवाज आला नाही.

"लसूण?" भाऊंनी विचारलं.

"नाय ओ," बाई म्हणाल्या. "हिंग."